विमानाने पन्नास मिनिटं

पट्टा लावताना तिची बोटं दोनदा चुकली, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी स्वतःचा पट्टा सोडून पुन्हा लावून दाखवला. एरवी सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवणारी शिवणकामवाली बाई ती.

"पहिल्यांदाच का?"

"हो. नेहमी बसनं जाते. सकाळी बसलं की रात्री उतरायचं."

"आता पन्नास मिनिटं. डोळा लागेपर्यंत गाव येतं."

तिकीट दादानं काढलं होतं. नवं विमान सुरू झालंय, हाडं तरी खिळखिळी होणार नाहीत, म्हणाला. वहिनी विमानतळाच्या दारापर्यंत आली होती. दोघांच्या मायेत खोट काढायला जागा नव्हती. पण बसचं एक बरं असायचं. माहेर सुटलं की खिडकीला डोकं टेकून घाट उतरेपर्यंत पोटभर रडायचं, जेवणाच्या थांब्यावर तोंड धुवायचं आणि पुढच्या वाटेत कुणाचे कपडे आधी बेतायचे याचा विचार करायचा. घर येईपर्यंत माणूस ताळ्यावर यायचं.

या खेपेला तर रडायला कारणही मोठं होतं. काल आईनं तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली होती.

"बसा ना. लांबून आलात का?"

"नाही गं आई. आता विमान सुरू झालंय, जवळच म्हणायचं."

"बरं आहे तुमचं," आई म्हणाली होती. "माझी मुलगी फार लांब असते. तिला नाही जमत यायला."

विमान ढगांच्या वर गेलं. पाण्याचा पेला हातात आला. तो रिकामा होतो न होतो तोच गाव जवळ आल्याची सूचना झाली. तिनं पदरानं घाईघाईनं डोळे टिपले. शेजारचे गृहस्थ भले होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

नवरा बाहेर शाळेच्या व्हॅनला टेकून उभा होता. मुलांची ने-आण करून करून त्याच्या वाट्याचं बोलणंही मुलांनीच संपवलंय, असं ती कौतुकानं म्हणायची. त्यानं तिच्या हातातली बॅग घेतली.

"आई कशा आहेत?"

"बरी आहे. खाते-पिते."

त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी सुरू केली. चौकात घर डावीकडे होतं. तो उजवीकडे वळला.

"अहो, चुकलात."

"नाही."

"धरणावरून लांब पडेल."

"पडू दे. शाळेला सुट्टी आहे."

रस्ता मोकळा असूनही गाडी बैलगाडीच्या चालीनं निघाली. एका बाजूला पाणी होतं, दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. बरंच अंतर गेल्यावर ती पाण्याकडे बघतच म्हणाली,

"आईनं मला ओळखलं नाही."

त्यानं फक्त वेग आणखी कमी केला. मग मात्र ती थांबली नाही. खुर्चीचं सांगितलं, लांबच्या मुलीचं सांगितलं, मधेच रडली, पुन्हा सांगितलं.

धरण संपलं. घराकडे जाणारा फाटा आला. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि गाडी तशीच सरळ पुढे नेली.