उंबराच्या गाठी

अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या देवमन गावंडेची पीएच.डी. बाळापूरजवळच्या एका उंबराला टांगलेली होती. झाड सासऱ्याचं, महादेवरावांच्या घरामागच्या विहिरीवरचं.

उंबराची फुलं फळाच्या पोटातच असतात. बारीक भोकातून एक चिलट आत शिरतं, तेव्हाच त्यांत बी धरतं. चिलट अडवलं, तर फळ बी न धरताच वाळून गळायला हवं. "हे पुस्तकात आहे, तुम्ही झाडावर दाखवा," नागपूरचे मार्गदर्शक डॉ. आठल्ये म्हणाले होते. "चैत्रात मी स्वतः येतो. नाही दाखवता आलं, तर विषय बदला." विषय बदलला की तीन वर्षं विहिरीत.

१९५९ सालच्या माघात जमुना पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला भेटायच्या निमित्तानं देवमन सासुरवाडीला गेला आणि कोवळ्या फळांवर मलमलीच्या पिशव्या चढवून त्यांची तोंडं सुतळीनं आवळली. शेवटची पिशवी पार शेंड्याजवळ, शिडी पुरेना तिथं, फांदीला मिठी मारून बांधली.

"जवाईबुवा," महादेवरावांनी खालून विचारलं, "झाडाले लंगोट कावून नेसवून राहिले?"

"संशोधन आहे, मामा."

"असन बाप्पा. सरकार पगार देते तं करा लागते."

सासूबाई पार्बताबाई हसल्या नाहीत. त्या गाठींकडे पाहत होत्या. "या कवा सुटतीन?"

"सर आले की. तोवर कोणी हात लावायचा नाही, मामी."

पार्बताबाईंनी मान डोलावली. जावयाला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती.

त्यानंतर देवमन जमेल त्या रविवारी येई आणि खालूनच झाड न्याहाळी. पिशव्या जागच्या जागी असत. उघडून पाहिलं की प्रयोग संपला, म्हणून तो हात लावत नसे. घरात ट्रंकेचं कुलूप काढलेलं होतं, पोत्यांची तोंडं मोकळी होती, जमुनाची वेणी सुटलेली होती आणि गाय खुंट्याला न बांधल्यामुळे महादेवराव तिच्यामागं गावभर हिंडत होते. शास्त्रज्ञानं हे सगळं पाहिलं आणि त्यातून काहीही निष्कर्ष काढला नाही.

चैत्रात आठल्ये भिंग घेऊन आले, आणि नेमक्या त्याच सकाळी जमुनाला कळा सुरू झाल्या. "मानसाचं इथं काय काम? निघा," म्हणून सुईण मनकर्णानं देवमनला बाहेर काढलं. तो सरांना घेऊन झाडाशी गेला.

आठल्यांनी पहिल्या पिशवीला नुसता हात लावला, ती गळून पडली. आत लालबुंद फळ. ते फोडताच चिलटांचा थवा उठला आणि त्यातली काही सरांच्या नाकात गेली.

"गावंडे," शिंका आवरत सर म्हणाले, "हे तुमचं बिनबियांचं फळ?"

दुसरी पिशवी तशीच. तिसरीही. सुतळ्या सोडून वर अलगद गुंडाळून ठेवलेल्या.

तेवढ्यात पार्बताबाई धावत बाहेर आल्या. "म्याच सोडल्या. त्याच दिवशी. तुमी मोटारीत बसले का सोडल्या. घरात भरल्या पोटाची बाई असताना कोनी गाठ ठेवते का? पोरगी अडली असती मंग?"

"पण मामी, मला तेव्हाच सांगायचं ना!"

"जवायाले कसं सांगाव?" त्यांनी शेंड्याकडे बोट केलं. "पन थे एक राहिली. शिडी पुरली नाई. सकायपासून पोरगी अडून राहिली. मनकर्णा म्हनते, कुठंतरी गाठ हाय. सोडा, जवाईबुवा!"

"खबरदार!" आठल्ये ओरडले. "तेवढा एकच पुरावा उरलाय. अकोल्याहून फोटोग्राफर आणू, मगच उघडायची."

घरातून जमुनाची किंकाळी आली.

सुतळीची गाठ आणि बाईची कळ यांचा काही संबंध नाही, हे देवमन वर्गात ठासून सांगत असे. त्यानं चपला काढल्या.

"गावंडे! तुम्ही विज्ञानाचे माणूस!"

"हो सर," फांदीवरून उत्तर आलं. "पण बायको घरात आहे."

शेंड्याजवळ पोचून तो गाठीशी झटू लागला. दोन महिन्यांच्या उन्हात सुतळी लाकडासारखी झाली होती. नखं मोडली, गाठ हलेना. शेवटी त्यानं दात लावले, आणि त्याच क्षणी घरातून बाळाचं ट्यँहा ऐकू आलं.

देवमननं तोंडातली सुतळी सोडली. "सर! गाठ बांधलेलीच आहे!"

"पोरगी मोकळी झाली व माय!" खालून पार्बताबाई ओरडल्या. "जवायाचे दात लागले का सुटलीच!"

"सुटली नाही, मामी! बघा तरी वर!"

पण वर बघायला खाली कोणी उरलं नव्हतं. एकटे आठल्ये मान वर करून उभे होते. "हात काढा, गावंडे," ते हळूच म्हणाले. "आणि दातही."

दुसऱ्या दिवशी फोटोग्राफरसमोर ती पिशवी उघडली. आत देठापासून सुटलेलं, वाळून खडा झालेलं फळ होतं. बी एकही नव्हतं. आठल्यांनी ते भिंगाखाली बराच वेळ फिरवलं. "विषय ठेवा," ते म्हणाले. "पण एका फळावर प्रबंध होत नाही. पुढच्या माघात पुन्हा बांधा."

देवमननं चाचरत सासूबाईंना विचारलं, चालेल का.

पार्बताबाई नातीला तेल लावत होत्या. "बांधा ना, झाड तुमचंच हाय," त्या म्हणाल्या. "फकस्त बांधाच्या आंधी जमुनाले इचारून घ्या."