लाल कडं पेटलं आणि हातोडा थांबला

हॅलो, हॅलो… मागपर्यंत येतोय ना आवाज? मी माईक बोलतोय. दचकू नका. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं पोचवत आलो, म्हणून काय मला स्वतःचं सांगायला काही नसेल?

कारखान्यातून आम्ही भावंडं एकाच खोक्यातून निघालो. एक रेडिओत गेला, एक गाण्याच्या स्टुडिओत. माझ्या नशिबी आलं ते सभागृह, जिथे जगभरचे देश हवामानावर वाटाघाटी करायला जमतात. लांब लवचिक मान, आणि बटण दाबलं की गळ्याभोवती पेटणारं लाल कडं, एवढाच काय तो माझा थाट. पहिल्या आठवड्यात मी अगदी वैतागलो होतो. चांगली शहाणीसुरती माणसं, आणि एका स्वल्पविरामावर अख्खी दुपार घालवायची! भाऊ तिकडे गाणी ऐकतोय आणि मी हे ऐकतोय, असं वाटायचं.

भांडण तसं साधं आहे हो. सोसायटीचं गटार तुंबलं की काय होतं? जुने बिऱ्हाडकरू म्हणतात, आता सगळेच खरकटं टाकतात, तर सगळ्यांनी मिळून उपसा. नवे म्हणतात, वा रे वा! आम्ही काल आलो, तुम्ही आजोबांच्या काळापासून टाकताय. आणि तळमजल्यावर, ज्यांनी कधी काही टाकलंच नाही, त्यांच्या घरात पाणी शिरलेलं असतं. देशांचंही तेच. काहींनी दीडशे वर्षं कोळसा जाळून घरं भरली. काहींच्या चिमण्या आत्ता कुठे धूर ओकायला लागल्यात, पण ओकतात जोरात. आणि काही देश म्हणजे समुद्रात टेकलेली चिमूटभर जमीन. त्यांचा धूर तो किती, चुलीपुरता.

आमच्या बाई या तळमजल्यावरच्या. सगळे त्यांना बेटवाल्या बाई म्हणायचे, आणि माझी जागा त्यांच्या समोर. मोठ्या देशांच्या मागे माणसांच्या रांगा असायच्या. बाई एकट्या. शेजारच्या खुर्चीवर त्यांची पिशवी. आल्या की माझी मान धरून खाली वळवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "वाक बाबा जरा, मी काही उंच नाही." इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता.

बाईंचं एकच वाक्य होतं. "ज्यांनी आधी आणि जास्त धूर सोडला, त्यांनी आधी आणि जास्त भार उचलावा." एवढं म्हणून त्या थांबत नसत. समोरच्या टेबलाकडे बोट करून शेपूट जोडायच्या, "म्हणजे तुम्ही, साहेब!"

समोर बसायचे ते एका गडगंज, जुन्या धुराच्या देशाचे साहेब. तेही काही कमी नव्हते. "बाई, जुनं उकरून काय मिळणार? पुढचं बोलू या."

"माझ्या आईच्या विहिरीला आज खारं पाणी लागतंय साहेब. ते जुनं आहे का?"

साहेब समोरचे कागद चाळायला लागायचे, पण मागे हटायचे नाहीत. आणि गंमत सांगू? चहाच्या सुट्टीत हेच साहेब बाईंच्या घशासाठी गरम पाण्याचा पेला घेऊन यायचे. "प्या. नंतर मलाच सुनवायचंय तुम्हाला." मग माझाही वैताग गेला. एकमेकांचा एक शब्द पटत नसताना वर्षानुवर्षं समोरासमोर बसून राहायचं, याला मोठी छाती लागते.

मसुद्यात ज्यावर एकमत नाही, ते वाक्य चौकोनी कंसात टाकतात. बाईंचं वाक्य कायम कंसात. आता कंस म्हटला की आतल्याच्या जिवाला घोर आलाच! पण बाई म्हणायच्या, "असू दे. कंसात आहे म्हणजे जिवंत आहे. ते वाक्य गेलं, तर आमच्या माणसांनी मदत मागायची ती कशाच्या जोरावर?"

इथला आणखी एक रिवाज ऐकून ठेवा. मतदान नसतं. अध्यक्ष विचारतात, "कोणाची हरकत?" कोणी बोललं नाही की हातोडा पडतो. गप्प बसणं म्हणजे होकार. एकदा हातोडा पडला की ब्रह्मदेव आला तरी वाक्य परत आत येत नाही. आडकाठी एकच. कोणाच्याही माईकचं लाल कडं पेटलेलं असेल, तोवर हातोडा उचलायचा नाही.

तर त्या वर्षीची शेवटची दुपार. बाई आठवडाभर या खोलीतून त्या खोलीत एकट्या भांडत फिरल्या होत्या. अध्यक्षांनी मसुदा वाचला. बाईंचं वाक्य कंसासकट गायब! त्या जागी गुळगुळीत शब्द होते, "सर्वांनी मिळून प्रयत्न करावेत."

"कोणाची हरकत?"

बाईंनी बटण दाबलं. माझं कडं पेटलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली. घसा पार बसला होता. मी जीव एकवटून ऐकत होतो, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! काचेमागचे दुभाषे एकमेकांकडे बघायला लागले. लोक कानावरचे हेडफोन ठोकून पाहायला लागले.

"बाई, आवाज येत नाहीये," अध्यक्ष म्हणाले.

आमचे आवाजवाले दादा धावत आले. मला दोन टिचक्या मारून म्हणाले, "माईक ठणठणीत आहे, अध्यक्षसाहेब." कसाही प्रसंग असो, ते ऐकून मला बरं वाटलं.

बाईंनी कागदावर भराभर लिहून कागद उंच धरला. अध्यक्ष माणूस चांगला, पण नियमाने बांधलेला. "हरकत बोलूनच नोंदवावी लागते, बाई. मला तुमच्या वतीने वाचता येत नाही. तुमच्या वतीने बोलायला दुसरा कोणी प्रतिनिधी आहे का?" बाईंनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे पिशवी होती.

"मग माईक बंद करा. म्हणजे आम्हाला पुढे जाता येईल."

बाईंनी मान हलवली. नाही. बटणावर तळहात आडवा ठेवून त्या बसून राहिल्या. ना शब्द, ना हुंदका. माझं कडं जळत होतं आणि अध्यक्षांचा हातोडा टेबलावर पडून होता. "विमान सुटेल माझं," मागून कोणीतरी पुटपुटलं. बाई ढिम्म. त्या सभागृहात गप्प बसून नकार दिलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

पण असं किती वेळ चालणार? अध्यक्षांनी दादांकडे पाहिलं, माईक बाहेरून बंद करायची कळ त्यांच्याकडे असते. दादांना एकाएकी बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

तेवढ्यात समोर दुसरं कडं पेटलं. साहेबांचं. संपलं, मी म्हटलं. त्यांना तर काही करायचीच गरज नव्हती, गप्प बसले असते तरी जिंकले असते.

साहेबांनी घसा खाकरला. "अध्यक्ष महोदय, बाईंची हरकत मला पाठ आहे. इतकी वर्षं ऐकतोय, झोपेतसुद्धा म्हणेन." मागच्या रांगेतून त्यांचा कोट कोणीतरी ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला. "आमच्या देशाचं मत वेगळं आहे, ते मी नंतर सांगेन. बाईंचं म्हणणं असं, की ज्यांनी जास्त धूर सोडला त्यांनी जास्त भार उचलावा."

टक टक! बाईंनी नखाने मला ठोकलं. सगळ्या सभागृहात घुमलं.

"बरं, बरं. आधी आणि जास्त सोडला, त्यांनी आधी आणि जास्त उचलावा. झालं?"

टक टक! बाईंचं बोट सरळ साहेबांवर रोखलेलं. सभागृहात हशा पिकला. ते शेपूट सगळ्यांनाच ठाऊक होतं. साहेबही हसले, आणि मग त्यांचं हसू विरत गेलं.

"आणि शेवटी बाई म्हणतात…" त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला. "म्हणजे आम्ही."

काचेमागच्या प्रत्येक खोलीतून ते दोन शब्द प्रत्येक भाषेत गेले. मी मोठमोठी भाषणं पोचवली आहेत, पण असं काही नाही. साहेब बाईंचे विरोधक असतील, पण माणूस सोन्याचा होता, हे मी छातीठोक सांगेन.

हरकत नोंदली गेली आणि वाक्य परत कंसात आलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी जगातला धूर चिमूटभरही कमी झाला नाही. बाईंनी मला बंद केलं आणि घशाच्या गोळ्यांची डबी टेबलावरून साहेबांकडे सरकवली.

"मला कशाला?"

बाईंनी त्यांच्या मागच्या रांगेकडे बोट दाखवलं. तिथे त्यांच्याच देशाची बरीच मंडळी साहेबांना जाब विचारायला टपून उभी होती. साहेबांनी मुकाट्याने दोन गोळ्या घेतल्या.

आता माझी मान सैल झाली आहे, कितीही वर केली तरी लवते. कालच दादांनी मला काढून या कपाटात ठेवलं. उद्या माझ्या जागी नवा माईक लागेल. गुणी आहे म्हणतात. समोरचा काही बोलला नाही, की थोड्या वेळाने आपोआप मिटतो. वीज वाचते ना! धुरावर बोलणाऱ्या सभेत वीज वाचवायलाच हवी, मी कोण नावं ठेवणार?

फक्त त्याला एवढा निरोप पोचवा. बाळा, तुझ्यासमोर एक ठेंगण्या बाई बसतील. तुझी मान धरून खाली वळवतील, तर वाक. आणि कधी त्यांचा आवाज आला नाही, तर घाईने मिटू नकोस. कडं पेटतं ठेव. बाईंचं बोलून झालेलं नाही अजून.