तोकतोनच्या जागेवरचा नमदा

मी तोकतोनच्या घरातला नमदा, जमिनीवर अंथरायचा लोकरीचा जाड गालिचा, बोलतोय. लग्नाच्या आदल्या वर्षी जुमागुलने मेंढीची लोकर भिजवून, तुडवून मला घडवलं. तिचा नवरा तोकतोन जन्मभर माझ्यावर बसून चहा प्याला. त्याचं इवलंसं कुत्रं, तोपचू, मात्र बाहेरच्या पडवीत असायचं.

तोकतोन गेला आणि कुत्र्याने अन्न सोडलं. जुमागुलने त्याला आत घेतलं. ती माझ्यावरच झोपू लागली, तोपचूला कुशीत घेऊन. त्याचे केस माझ्या लोकरीत रुतत गेले. काय करणार, धरलेलं सोडायचा माझा स्वभावच नाही.

दुखवट्याला बाया यायच्या, गळा काढायच्या. आमच्याकडे विधवेचं रडणं सारा गाव तोलतो. जुमागुलच्या डोळ्यांना तर धार लागलेली, श्वास कोंडलेला.

"नवऱ्यावर जीव असावा तर असा!" बाया म्हणायच्या. नणंद झूराने घर शुद्ध करायला आर्चा झाडाच्या डहाळ्यांचा धूर केला, तशी जुमागुल गुदमरून आडवीच झाली. मग दवाखाना आला.

परत आली ती भिंतीला टेकून बसली. "झूरा, डॉक्टरीण म्हणते, मला कुत्र्याच्या केसांचं वावडं आहे."

"मग द्या की ते कुणाला तरी! त्यात काय एवढं?"

"अगं, म्हणजे मी तुझ्या भावासाठी रडलेच नाही?"

झूरा कुत्र्यासाठी दोरी शोधायला उठली. 'रडलात की वहिनी,' असं तिने म्हणायला हवं होतं.

तोपचूला एका मेंढपाळाने डोंगरावर नेलं. मला गुंडाळून कपाटामागे टाकलं. जुमागुलचा श्वास मोकळा झाला, डोळे कोरडे पडले. त्या कोरड्या डोळ्यांनी ती आरशात बघायची आणि स्वतःलाच म्हणायची, "दगड आहेस तू."

आज तोकतोनचं वर्षश्राद्ध. रिवाजाप्रमाणे जेवणासाठी अंगणात घोडा कापलाय, बाया जमल्यात. जुमागुलने गळा काढला, पण टिपूस येईना.

"वर्षभरात विसरली हो!" कुणीतरी कुजबुजलं. तिला ते ऐकू गेलं.

ती आत आली. मला ओढून काढलं, उलगडलं आणि माझ्यात तोंड खुपसलं. लांब, खोल श्वास घेत राहिली. डोळे वाहू लागले, छातीतून शिट्टी वाजू लागली.

"झूरा, बघ! येतंय गं रडू!"

"या, या वहिनी, बाहेर या!" झूराचा चेहरा उजळला.

बाहेर बाया तिला कवटाळताहेत, वाखाणताहेत. तिची शिट्टी मला इथवर ऐकू येतेय. आता ती मला पुन्हा गुंडाळणार नाही, हे मला कळून चुकलंय.

बायांनो, कुणीतरी मला बर्फात नेऊन केस झडेपर्यंत झोडपा, नाहीतर चुलीत घाला. माझ्यात तिचं दुःख नाही, नुसते तोपचूचे केस आहेत. तोकतोन गेल्यापासून ती रोज सकाळी दोन वाट्या चहा ओतते. त्याची तशीच निवते, मग ती अंगणात रिकामी करते. तेव्हा तिचे डोळे कोरडे असतात, म्हणून त्याला तिने कधी रडणं धरलंच नाही.