पुसलेली साक्ष

ज्या दिवशी बोलायला हवं होतं, त्या दिवशी मला तोंड नव्हतं. आता कोणी विचारत नाही, तरी बोलते. मी एक साक्षीपट्टी. तळहाताएवढी, काचेची, वरून चांदीचा मुलामा दिलेली. नाव भारदस्त आहे, पण काम एवढंच, की उघड्यावर पडून राहायचं आणि धूळ खायची. तुम्ही एखाद्या वस्तूला हिणवायला म्हणता ना, 'पडलीय धूळ खात'? माझी ती नोकरी आहे, आणि मी ती मन लावून करते.

माझी थोरली बहीण म्हणजे अंतराळात जाणाऱ्या एका दुर्बिणीचा मोठा आरसा. आम्ही दोघी एकाच कारखान्यातल्या, एकाच काचेच्या. एकाच दिवशी, एकाच बंद टाकीत आमच्यावर मुलामा चढला. मग तिला आठ जणांनी मिळून उचललं आणि मला एका बाईंनी चिमट्यात धरलं. हेवा वाटला का? वाटला. साक्षीदाराने खोटं कशाला बोलावं?

दूरच्या ताऱ्यांभोवती ग्रह फिरतात, हे माणसांना अलीकडेच कळलं. आता तर असे हजारो ग्रह सापडलेत. पण त्यातले बहुतेक कोणी पाहिलेले नाहीत. ताऱ्याचा उजेड मध्येच जरासा मंदावतो किंवा तारा किंचित डगमगतो, त्यावरून ते ओळखलेत. थोरलीला त्याच्या पुढचं काम होतं. ताऱ्याचा झगमगाट एका चकतीआड झाकायचा, शेजारचा मिणमिणता ग्रह प्रत्यक्ष बघायचा आणि त्याच्या हवेत पाण्याची वाफ आहे का, ते शोधायचं. त्यासाठी आरसा लख्ख हवा. त्यावर धूळ असली की ताऱ्याचा उजेड कणाकणावरून फाकतो आणि बिचारा ग्रह त्यात बुडून जातो.

पण आरशाला ऊठसूट हात लावायची सोय नव्हती. तपासायला जावं, तर तपासणाऱ्याच्याच बाहीचा धागा त्यावर पडायचा. म्हणून मला तिच्या शेजारी, तिच्याच उंचीवर, एका ताटलीत ठेवलं होतं. तिच्यावर जे पडेल ते माझ्यावरही पडणार. दर चार महिन्यांनी तपासनीस बाई मला सूक्ष्मदर्शकाखाली धरत, माझ्यावरचे कण मोजत आणि त्यावरून बहिणीची तब्येत ओळखत.

आमच्या क्लीन रूममध्ये, म्हणजे धुळीला मज्जाव असलेल्या त्या खोलीत, सगळेच डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या डगल्यात असत. दिसायचे फक्त डोळे. मी माणसं डोळ्यांवरूनच ओळखायला शिकले. नाक खाजलं तरी खाजवायची बंदी, म्हणून ही मोठमोठी शिकलेली माणसं भुवया वरखाली करत बसत. वायरिंग बघणारे एक काका होते. त्यांना शिंक आली की ते घराला आग लागल्यासारखे दाराकडे पळत. मला फार हसू यायचं.

एका दुपारी वीज गेली. दिवे लगेच आले, पण छतातून गाळलेली हवा सोडणारा मोठा पंखा पाऊण तास बंद राहिला. अशा वेळी आरशावर आच्छादन घालायचं असा नियम, म्हणून चौघे जण धावत आले. ते धावले, तिथेच चुकलं. त्या खोलीत सावकाश चालायचं असतं, कारण धावलं की डगले एकमेकांवर घासतात आणि त्यांचे बारीक धागे उडतात. आच्छादन येईपर्यंत धागे थोरलीवर बसले होते. माझ्यावर मी सत्तावीस मोजले. वहीत मात्र लिहिलं गेलं, 'आच्छादन वेळेत घातले.' ते खरंही होतं. मी मनात म्हटलं, काही हरकत नाही, तपासणीला मी आहे ना.

तपासणीच्या दोन दिवस आधी पाहुणे यायचे ठरले. उड्डाणाला अखेरची मंजुरी देणारी वरची समिती. मोठे साहेब दारातूनच म्हणाले, "एक डाग दिसता कामा नये कुठे!" आमच्याकडची रोजची सफाईवाली रजेवर होती, म्हणून शेजारच्या इमारतीतल्या मावशींना बोलावलं होतं. तिकडे साक्षीपट्ट्या नसतात. मावशींनी खोलीचा कोपरा न् कोपरा पुसला. शेवटी त्या माझ्यापाशी आल्या, वाकून पाहिलं आणि हळहळल्या, "अगं बाई, ही एवढी चांगली वस्तू, आणि हिच्याकडे कुणाचं लक्षच नाही!"

स्पिरिटचा बोळा माझ्यावरून फिरला. मावशी, नको गं, असं मी जीव तोडून ओरडले. त्यांनी दोनदा पुसलं आणि समाधानाने पुढे गेल्या.

पाहुणे खूष होऊन गेले. तपासणीच्या दिवशी बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही. मग मला परत जागेवर ठेवता ठेवता त्या मोठ्या साहेबांना म्हणाल्या, "फारच स्वच्छ आहे."

"मग तोंड का वाकडं करताय? दुधात साखर!"

"चार महिने उघडी होती साहेब. मधे वीज गेली होती. इतकी स्वच्छ कशी राहील?"

"आच्छादन घातलं होतं. वहीत आहे. सोमवारी दुर्बीण घडी होऊन पेटीत बंद व्हायचीय. शनिवारपर्यंत सही करा, म्हणजे झालं."

एकदा घडी झाली की आरशापर्यंत कुणाचाच हात पोहोचणार नव्हता. बाईंना शंका होती, पण पुरावा नव्हता, आणि नुसत्या शंकेपायी कोणी उड्डाण थांबवत नाही. पुरावा त्या बोळ्यासोबत कचऱ्यात गेला होता.

मावशी तिथेच फरशी पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी वायरिंगवाल्या काकांना विचारलं, "ही पट्टी कशासाठी असते हो?" काकांनी सगळं नीट समजावून सांगितलं. मावशींचे डोळे मी तेव्हा पाहिले. ते अजून विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "लेकीला सांगितलं," त्या हळूच म्हणाल्या. "ती म्हणते, आई, कुणी पाहिलंय का? मग आपल्याच पायावर धोंडा का मारून घेतेस? वर्षभराने नोकरीतून सुटणार आहेस." त्या पुढे म्हणाल्या, "सव्वीस वर्षांत एक शेरा नाही माझ्या नावावर. माणसं म्हणतात, मावशींनी पुसलं म्हणजे परत बघायला नको." मग एकदम माझ्यावरच चिडल्या. "तू तरी बोलायचंस की गं!"

खरंच होतं ते. जन्मभर मी सगळ्यांची साक्ष ठेवली आणि नेमकी वेळ आली तेव्हा चकचकीत तोंड करून गप्प बसले. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. मी ठरवलं, परत जागेवर बसायची संधी मिळाली तर एक कणही निसटू द्यायचा नाही. पण आत्ता थोरली माझ्या खोट्या साक्षीवर आंधळी होऊन वर जाणार होती, आणि ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

शनिवारी आरशासमोर सगळे जमले. बाईंच्या हातात कागद होता. त्यांनी पेन टेकवलंच होतं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सही करू नका, बाई. ती पट्टी मी पुसलीय."

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "मावशी, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. जा, जरा बसा."

"साहेब, सव्वीस वर्षं पुसायचंच काम करतेय. पुसलं की नाही पुसलं, एवढं मला कळतं."

"याचा अर्थ कळतो का तुम्हाला? उड्डाण पुढे जाईल. तुमच्या नावावर शेरा पडेल."

मावशी जागच्या हलल्या नाहीत. "पडू द्या. ही एकदा वर गेली की पुसायला कोण जाणार आहे तिथे?"

आता थेट आरसाच तपासायला कारण मिळालं होतं. बाईंनी पेन खिशात घातलं आणि सगळे दिवे मालवायला सांगितले. अंधारात त्यांनी टॉर्चचा उजेड आरशावर तिरपा सोडला, आणि माझ्या थोरलीच्या अंगावर धागेच धागे चमकायला लागले. साहेबांनी वाकून पाहिलं. मग बाहेर जाऊन त्यांनीच फोन लावला. दार लोटायचं राहिलं होतं, त्यामुळे ऐकू आलं. "उड्डाण पुढे ढकला. हो, मीच सांगतोय. नाही, कारण पट्टीचं नाही, आरशाचंच आहे."

थोरलीवर कोरड्या बर्फाचा फवारा मारून एकेक धागा उडवायला तीन आठवडे लागले. उड्डाण दोन महिन्यांनी झालं. मावशींच्या नावावर शेरा पडला, 'परवानगीविना साक्षीपट्टी पुसली.' एक डाग दिसता कामा नये असं सांगणाऱ्यांच्या नावावर काही पडलं नाही. शेरेसुद्धा धुळीसारखेच, वरून खाली येतात.

मला बाईंनी डबीत घालून आपल्या टेबलावर ठेवलं. डबीवर चिठ्ठी लावली, 'पुसलेली. मोजणीत धरू नये.' दीड वर्ष मी ती चिठ्ठी अंगावर वागवली. मग एका सकाळी शेजारच्या खोलीत आरडाओरडा झाला. थोरलीने झाकलेल्या ताऱ्याच्या कडेला एक फिकट ठिपका टिपला होता, आणि त्या ठिपक्याच्या उजेडात पाण्याच्या वाफेची खूण होती. एका परक्या सूर्याभोवतीचं, कोणी कधी न पाहिलेलं जग! लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. बाई तेवढ्या धावत टेबलाशी आल्या आणि त्यांनी मावशींना घरी फोन लावला.

"मावशी, सापडला ग्रह!"

पलीकडून मावशींनी विचारलं, "स्पष्ट दिसतोय ना?"

"अगदी स्पष्ट."

"मग बरं झालं," मावशी म्हणाल्या.

त्या फोननंतर बाईंनी चिठ्ठी काढून टाकली. मला रीतसर धुतलं, तपासलं आणि एका नव्या आरशाशेजारी नेऊन बसवलं. ही धाकटी आहे. हिला कुठे जायचंय, मला अजून माहीत नाही. मी कुठेच जाणार नाही, आणि त्याचं आता काही वाटत नाही. डोळे उघडे ठेवून मी पडून असते.

आज सकाळपर्यंत माझ्यावर अकरा कण बसलेत. एक धागा डाव्या कडेला आहे, तो काल शिंकणाऱ्या काकांचा. या, वाकून बघा, हवे तितक्या वेळा मोजा. फक्त हातातला बोळा दाराबाहेर ठेवून या.