राणीचा गाल आणि अक्कांची साखर

"खरं सांगितलं तर तुम्ही कुणी विश्वास ठेवणार नाही," जयसिंगराव हातातला रुपया चोळत म्हणाले. "यशवंतपूरला गाडी उभी. मी वरच्या बर्थवर, डोक्यावरून पांघरूण. खाली फलाटावर कुणाचं तरी नाणं पडलं, खण्ण. मी आतूनच सांगितलं, राणीचा रुपया, गालावर झिजलेला. लोकांनी उचलून बघितलं तर तसंच. गार्ड शिट्टी मारायची विसरला. गाडीला उशीर का झाला म्हणून वरून चौकशी आली."

"मागच्या वेळी हे अरसीकेरेला झालं होतं, अण्णा," गुंडो म्हणाला. शेजारच्या गल्लीत त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि रविवार तो चुकवत नसे.

"तिथं दुसरं नाणं."

चिकपेटेतल्या साड्यांच्या दुकानात जयसिंगरावांचा उभा जन्म गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडण्यात गेला. रविवार मात्र त्यांचा. त्या दिवशी त्यांच्या माडीवर जुनी नाणी जमवणारे यायचे आणि कुठलं नाणं कितपत टिकलंय ते जयसिंगराव ठरवायचे. कोरं, उत्तम, बरं, नाहीतर झिजकं. त्यांनी एकदा सांगितलं की अदलाबदलीत कुणी हुज्जत घालत नसे. आठवडाभर ज्यांना 'ओ, ती निळी काढा' म्हणायचे, ते रविवारी अण्णा असायचे.

आणि डोळ्यांचे पडदे विरले. डॉक्टर म्हणाले, हे चष्म्याचं काम नाही. नाणं धरलं की जयसिंगरावांना नुसता उजेडाचा डाग दिसायचा. हे बाहेर फुटलं असतं तर रविवारही हातचा गेला असता.

तोड भाग्यलक्ष्मीनं काढली. नवऱ्याशेजारी बसून बसून तीही बघायला शिकली होती. राणीचा गाल आणि कानावरचे केस आधी झिजतात, खोलगट जागेत मूळची झाक राहते, हे तिला तांदूळ निवडण्याइतकं सवयीचं झालं होतं. येता-जाता ती नाण्यावर नजर टाकायची आणि पाहुण्याला म्हणायची, "कॉफी आणते हं, बिनसाखरेची." म्हणजे कोरं. एक चमचा म्हणजे उत्तम, दोन म्हणजे बरं आणि तीन म्हणजे झिजकं. मग जयसिंगराव भिंग फिरवायचे, घसा खाकरायचे आणि निकाल द्यायचे. भाग्यलक्ष्मीला खोटं बोलवत नसे, म्हणून सांगितलेली साखर कपात पडायचीच.

आजचं नाणं पद्मनाभचं होतं. पुण्याहून कंप्युटरच्या नोकरीसाठी आलेला पोरगा, इंदिरानगरला राहणारा. आजोबांच्या पेटीत सापडलेला रुपया घेऊन पहिल्यांदाच आला होता.

"काका, ॲक्च्युअली मला फक्त त्याची कंडिशन कळली तरी चालेल."

भाग्यलक्ष्मीनं वाकून बघितलं. "कॉफी आणते हं, साखर..."

"नको काकू, मी चहा-कॉफी घेत नाही."

"दूध?"

"दूधही नको. प्लीज, पाणीच द्या."

"सरबत तरी?"

"नको हो, खरंच."

पाण्यात साखर घालायला काही निमित्त सापडेना. ती दारातच घुटमळली. तेव्हाच जयसिंगरावांनी यशवंतपूरची गाडी बाहेर काढली होती. ती आता सुटूनही गेली आणि पद्मनाभ वाट बघत होता.

हातातला डाग पांढराशुभ्र लकाकत होता. 'कोरं' हा शब्द त्यांच्या ओठांवर आला. पण लकाकी दोन तऱ्हेची असते. एक टाकसाळीतून आलेली, दुसरी कुणीतरी घासून आणलेली. घासलेल्याला कोरं म्हटलं की संपलं. त्यांनी नाणं मेजावर टाकलं, कान लावला, पुन्हा टाकलं. 

"अक्का," गुंडो म्हणाला, "याची कॉफी मला आणा की."

"अहो, आत्ताच झाली ना तुमची?"

"ती माझी. ही या रुपयाची."

भाग्यलक्ष्मी आत जायला वळली. "तीन चमचे पडतील."

"पडू देत."

जयसिंगरावांनी रुपया तिसऱ्यांदा वाजवला. "ऐकलंत? या आवाजावरनंच सांगतो. झिजकं. वरून कुणीतरी चोळून चमकवलंय."

पद्मनाभ चाटच पडला. "हो काका, काल टूथपेस्टनं घासलं मी. तुम्हाला आवाजावरून कळलं?"

"आवाजावरून कसलं," गुंडो म्हणाला. "माझ्या साखरेवरून. अण्णा, सगळ्यांना ठाऊक आहे. झिजकं नाणं आणलं की कॉफीचा पाक होतो, हे न कळायला आम्ही काय लहान आहोत?"

आतली भांडी वाजायची थांबली. जयसिंगरावांनी किती दिवसांचा धरून ठेवलेला श्वास सोडला, आणि त्याबरोबर खांदेही खाली आले. त्यांना हसूच यायला लागलं. ते बाकावर सरकले, शेजारी जागा केली आणि भिंग चाचपून त्या जागेपुढे ठेवलं.

"पण यशवंतपूरचं खरं आहे," ते म्हणाले.

"ते तर मुळीच नाही," गुंडो म्हणाला. "अक्का, स्वल्प जरा इकडं येऊन बसा. मला डॉक्टरांनी साखर बंद करून वर्ष झालं."