पिनेचं लिहू नका

माझ्या तोंडात साखर आहे म्हणतात. अर्थात ऑफिसात. आमच्या हॉलमध्ये दहा-बारा कंपन्यांच्या तक्रारींचे फोन वाजतात आणि समोरचा कितीही पेटलेला असो, माझ्याशी बोलून गार होतो. गोड बोलायला शिकवायला एक मॅडम आल्या होत्या. आधी ऐका, दोष देऊ नका, समोरच्याला काय वाटत असेल ते ओळखून बोला. सगळ्यांसमोर त्यांनी माझी पाठ थोपटली होती. आता घरी पोहोचेपर्यंत ती साखर संपते, त्याला मी काय करू? दिवसभर परक्यांचं ऐकून कान किटलेले असतात. बाबांनी एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू.

आज सकाळीही तेच. वॉशिंग मशीन कसं लावायचं, त्यांनी पुन्हा विचारलं. "बाबा, एक काम धड होत नाही का हो तुमच्याच्यानं?" मी म्हणाले आणि दार आपटून निघाले.

दुपारी नेमकं मला वॉशिंग मशीनवाल्यांच्या फोनवर बसवलं.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

"बाई, मशीन मधेच बंद पडलंय हो. कपडे आत, पाणी आत, दार उघडत नाही."

बाबा! मला आधी हसूच आलं. 'अहो, मी आहे' म्हणणार, तोच ते म्हणाले, "मुलगी यायच्या आत चालू झालं पाहिजे. नाहीतर माझी काही धडगत नाही."

'मी आहे' म्हणणं तिथंच राहिलं. मग सवयीनं तोंडातून निघालं, "काळजी वाटतेय ना तुम्हाला? घाबरू नका. आपण दोघं मिळून बघू."

"तिला विचारायची सोय नाही हो. वाईट नाहीये ती. पण हल्ली तिला काही विचारायचं तर आधी मनात दोनदा म्हणून बघतो. तरी चुकतंच माझं."

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. कसं ओळखणार? हा आवाज त्यांनी घरात ऐकलाय कधी! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मशीनचं बटण बंद करायला सांगितलं. खालचं झाकण उघडून, पसरट भांडं लावून पाणी काढायला सांगितलं, मग आतली जाळी बघायला. त्यांनी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली, मी दोनदा सांगितली. काही जीव गेला नाही माझा.

"सापडलं! केसांची पिन अडकलीय. मुलीचीच." मग आवाज खाली आला. "बाई, तक्रारीत हे पिनेचं लिहू नका हं. उगाच तिच्या जिवाला लागेल."

"नाही लिहीत."

मशीन घरघरायला लागलं. "भलं होवो तुमचं," बाबा म्हणाले. "तुमच्या घरचे नशीबवान."

शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "डोळे का भरलेत गं? कोण मेला एवढं बोलला तुला?" मी काय सांगणार, कपाळ!

संध्याकाळी घरी आले तर बाबा दोरीवरचे कपडे काढत होते. पिन माझ्या आरशापाशी, स्वच्छ पुसून ठेवलेली.

"मशीननं त्रास नाही ना दिला?"

"छे गं. पहिल्या झटक्यात चाललं." बोलताना ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आता काय ऐकावं लागतंय म्हणून.

माफी मागायची होती मला. त्यांच्याजवळ दोरीपाशी गेले. शेवटी मी म्हणाले, "दमला असाल ना तुम्ही? थांबा, आपण दोघं मिळून काढू."

त्यांचा हात दोरीवरच थांबला. माझ्याकडे वळले, आणि जणू चोरी त्यांचीच पकडली गेली असा चेहरा झाला.

"दुपारी… तू होतीस?"

मी मान हलवली. लाजेनं वर बघवेना.

"अगं, मी आपलं उगाच बोललो तसं," ते घाईघाईनं म्हणाले. "परक्या माणसाला काहीतरी सांगायचं म्हणून. तू कुठे ओरडतेस? कधीच ओरडत नाहीस." मग हातातला टॉवेल घडी घालून परत उलगडला, परत घडी घातली. "रागावली नाहीस ना गं?"