सुईनंतरची झोप

टोकरखाड्यातल्या डॉक्टर रघुनाथांच्या दवाखान्यात दुपारी एकच आवाज असायचा, सुया उकळायच्या भांड्याचा. डॉक्टर जेवायला घरी जात आणि नर्स शैलजाताई त्या वाफेत बसून पेंगत. पेंगणं हा त्यांचा हक्कच होता. सकाळपासून आसपासच्या कारखान्यांतल्या माणसांना टोचून टोचून हात गळून गेलेले असत.

त्या वाफेतच एक दिवस झुंबर येऊन उभा राहिला. जळगावकडचा तरुण, सुताच्या कारखान्यात रातपाळीला. छातीचा क्षय निघाला होता. आधी रोज सुई, मग वर्षभर गोळ्या; मध्येच सोडलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शैलजाताईंना मात्र त्याचे तांबारलेले डोळे दिसले. खोकल्यामुळे खोलीतल्या सोबत्यांनी त्याला ओट्यावर काढलं होतं. रात्रभर यंत्रापुढे, दिवसभर उन्हात. हा पोरगा झोपणार कधी?

खोटं बोल पण रेटून बोल, म्हणतात. सुई टोचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता लगेच उठायचं नाही. या सुईनंतर आडवं व्हावंच लागतं. नियम आहे."

झुंबर पडद्यामागच्या बाकावर आडवा झाला आणि मेणकापडाला पाठ टेकताच घोरू लागला.

मग ते रोजचंच झालं. झोपेत तो बोलायचा, "केळीले पानी सोड रे." शैलजाताईंचेही डोळे मिटत आणि वाटे, फरशीखालून पाटाचं पाणी सरकतंय, ही वाफ म्हणजे केळीच्या बागेतलं पहाटेचं धुकं आहे आणि त्यातून झुंबर न खोकता चाललाय. कधी न पाहिलेलं ते गाव त्यांना माहेरासारखं ओळखीचं झालं. एकदा डॉक्टर लवकर परतले. पडदा सारून बघत ते हळूच म्हणाले, "सिस्टर, हा नियम मला कुणी शिकवला नाही." आणि चपला हातात घेऊन आत गेले.

सुया संपल्या. झुंबर गोळ्यांची पुडी घेऊन गेला आणि बाक रिकामा पडला. आता शैलजाताईंनाच पेंग येईना. बरं वाटू लागलं की माणसं गोळ्या नाल्यात टाकतात, हे त्यांनी पाहिलं होतं. शेवटी न राहवून त्या छत्री घेऊन त्याच्या चाळीत गेल्या. तो ओट्यावर बसला होता, शेजारी पिशवी बांधलेली.

"गावाले जातो, बाई. तठे निजता तरी येईन."

"आणि गोळ्या? दवाखान्यात का नाही आलास?"

"सुई संपली. आता कोन्या तोंडानं येऊ?" तो खाली बघत म्हणाला. "नियम तुमीच काढेल व्हता. माले पहिल्याच दिशी ठाऊक व्हतं. मन्हा दोस्त अथालच्या दवाखान्यात हीच सुई घेतो, त्याले कोनी निजवत नाही."

चोरी पकडली गेल्यासारख्या शैलजाताई लाजल्या. मग त्यांना रागच आला. "ठाऊक होतं तर ऐकलंस कशाला?"

"मन्हासाठे कोनी कधी खोटं बोलेल नव्हतं."

शैलजाताईंनी त्याची बांधलेली पिशवी उचलली. "ऊठ. गोळी रोज माझ्यासमोर घ्यायची आणि तिथंच झोपायचं. नियम नसला तरी."

तो आला, गोळी गिळून बाकावर पडला. पण कूस बदलत राहिला.

"काय झालं?"

"आता नियम नाही ना. वाटतं, कोनी उठवीन."

शैलजाताईंनी आपलं स्टूल उचललं, पडद्याच्या तोंडाशी ठेवलं आणि त्यावर ठाण मांडून बसल्या. थोड्या वेळानं पडद्यामागे केळीला पाणी सुटलं.